फाटक उघडण्याआधीचा तास

मंडळी, थीम पार्कच्या दारात सकाळी रेटारेटी झाली की ‘लोकांना शिस्तच नाही’ म्हणून आपण मोकळे होतो. मला हे अजिबात पटत नाही. भल्या सकाळी येणारा माणूस सगळ्यांत जास्त तयारीने आलेला असतो. गाजलेल्या राइडची रांग पहिल्या तासात छोटी असते, हे त्याला ठाऊक असतं. त्याचा हिशेब बरोबर असतो. चुकतो तो व्यवस्थापनाचा.

एका फाटकातून एक माणूस आत जायला ६ सेकंद लागतात असं धरा. तासाला ६०० माणसं. १० फाटकं असतील तर ६,०००. उघडायच्या वेळी बाहेर ३,००० जण उभे असले, तर त्यातला शेवटचा अर्ध्या तासाने आत जाणार, आणि तोवर मागे नवे येतच राहणार. हीच फाटकं अर्धा तास आधी उघडून लोकांना आतल्या चौकात घेतलं, राइड ठरल्या वेळीच सुरू केल्या, तर बाहेर कोंडी होत नाही.

आता हे ६ सेकंद प्रत्यक्षात पुरतात का ते बघा. माणूस स्कॅनरसमोर येतो आणि मग खिसे चाचपायला लागतो. फोन सापडतो, त्याचं लॉक उघडतं, ईमेल शोधली जाते. चौघांची तिकिटं एकाच फोनवर, स्क्रीन अंधुक, कोड वाचला जात नाही. मागचे सगळे खोळंबलेले. इथे नवं यंत्र नको. स्कॅनरपासून वीस माणसं मागे, रांगेतच एक कर्मचारी फिरता ठेवा. ‘तिकीट उघडून ठेवा, स्क्रीन उजळ करा’ एवढंच त्याने सांगत राहायचं. बॅग नसलेल्यांची रांग वेगळी काढा.

गर्दीत मागच्याला पुढचं काहीच दिसत नाही, म्हणून तो पुढे सरकत राहतो आणि दाब पुढच्यांवर येतो. चौरस मीटरमध्ये चारच्या वर माणसं झाली की चालणं अवघड होतं. सातच्या आसपास माणसाचा स्वतःच्या हालचालीवर ताबाच उरत नाही. म्हणून घोषणा शेपटाकडे ऐकू गेली पाहिजे. किती वेळ लागेल, हे खरं खरं सांगा.

आणि नुसतं दार उघडून भागत नाही. १९८९ मध्ये इंग्लंडमधल्या हिल्सबरो स्टेडियमबाहेर दाब वाढला, म्हणून पोलिसांनी बाहेर पडण्याचा मोठा दरवाजा उघडला. बाहेरची कोंडी सुटली. पण आत शिरलेल्यांना बाजूच्या मोकळ्या जागेकडे वळवायला कोणी नव्हतं. ते समोरच्या बोगद्यातून आधीच भरलेल्या भागात गेले. त्या दुर्घटनेत ९७ जीव गेले. दार उघडायचा निर्णय घेणाऱ्याने आतली जागा आधी पाहिलीच पाहिजे, याबाबत मी कुठलीही सवलत द्यायला तयार नाही.

डिस्नेच्या पार्कांत एक पद्धत आहे, ती मला फार मोलाची वाटते. गर्दीपुढे आडवा दोर धरलेला असतो. वेळ झाली की कर्मचारी तो दोर हातात धरूनच पुढे चालू लागतात, आणि गर्दी त्यांच्या मागून त्यांच्याच चालीने जाते. दोर एकदम सोडला की धावाधाव ठरलेली, आणि धावण्यात पहिलं पडतं ते मूल. म्हणून सगळ्यांत संथ चालीचा कर्मचारी दोराच्या मधोमध ठेवा, वाटा फुटतात तिथे एकेक जण आधीच उभा करा, आणि राइडच्या रांगेचं तोंड आल्याशिवाय दोर खाली घेऊ नका.