चावी फिरते, सेल्फ लागत नाही

दाभोळहून धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीवर मोटरहोम चढवून इंजिन बंद केले जाते, आणि वाशिष्ठीची खाडी ओलांडल्यावर, मागच्या गाड्या उतरण्यासाठी खोळंबलेल्या असताना, चावी फिरवली तर बॉनेटखालून केवळ ‘टक्’ असा आवाज येतो. अशा वेळी पहिला संशय बॅटरीवर जातो, कारण फ्रीज, पंखे, दिवे, पाण्याचा पंप असा सगळा संसार विजेवर चाललेला असतो. मात्र या संसारासाठी सहसा वेगळी बॅटरी असते, आणि इंजिन बंद होताच दोन्ही बॅटऱ्यांची जोडणी तोडणारा आयसोलेटर मध्ये बसवलेला असतो. तो चिकटून बसला नसेल, तर रात्रभर चाललेल्या फ्रीजला दोष देता येत नाही.

पूर्ण भरलेली, विश्रांती मिळालेली बॅटरी मल्टिमीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली गेलेली जवळजवळ रिकामी समजावी. परंतु हा आकडा चांगला आला म्हणून वाट मोकळी आहे असे ठरत नाही. डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ २०० अँपिअर किंवा त्याहूनही अधिक प्रवाह ओढतो, आणि एवढ्या प्रवाहाला एखाद्या सांध्यात ओहमच्या शंभराव्या भागाइतका अडथळा झाला, तरी तेथेच दोन व्होल्ट खर्ची पडतात. दिवे लख्ख लागतात, कारण त्यांना लागणारा प्रवाह अगदी थोडा असतो.

किनाऱ्यावर हा अडथळा तयार होण्यास फार काळ लागत नाही. हवेतले मीठ ओलावा धरून ठेवते, आणि न घासलेल्या तांब्याच्या भांड्यावर धरावा तसा हिरवट कळंक तारेच्या वेष्टनाखाली, तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीच्या, म्हणजे लगच्या, आतपर्यंत शिरतो. वरून टर्मिनल स्वच्छ दिसत असल्याने तो सहज नजरेतून सुटतो.

सर्वाधिक दुर्लक्षित राहते ती अर्थिंगची पट्टी. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे सेल्फचा प्रवाह चासीकडे परतण्यासाठी ही जाड पट्टी लागते, आणि ती नेमकी खाली, जेटीवरचे खारे पाणी उडते तेथे असते. तपासणीसाठी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा, मीटरची एक टोचणी बॅटरीच्या ऋण खांबावर व दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरावी, आणि सहकाऱ्याला चावी फिरवण्यास सांगावे. त्या क्षणी ०.२ व्होल्टपेक्षा बराच मोठा आकडा आला, तर दोष याच वाटेवर आहे. तरीही अनेक ठिकाणी ही दोन मिनिटांची तपासणी न करताच नवी बॅटरी बसवली जाते, हे खेदाचे आहे.

‘टक्’ आवाजही येत नसेल, तर शोध इग्निशन स्विचकडे वळवावा लागतो. चावी ‘स्टार्ट’वर धरली असताना सोलेनॉइडच्या, म्हणजे सेल्फला मुख्य प्रवाह जोडून देणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचच्या, बारीक तारेवर टेस्ट लॅम्प लागला, तर स्विच आणि रिले दोन्ही ठीक आहेत, न लागल्यास प्रथम फ्यूज, मग रिले आणि शेवटी स्विच, असे मागे जावे. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतातच, त्यामुळे तो संशय पेट्रोल गाड्यांपुरताच ठेवावा.

सांधा उघडण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडवावी, धातू चकाकेपर्यंत पॉलिश पेपरने घासावा, नट घट्ट आवळावा आणि त्यानंतरच वरून पेट्रोलियम जेलीचा थर द्यावा.