पुन्हा न बोलावलेला साक्षीदार

जळगाव जिल्ह्यातील रावेर आणि यावल तालुक्यांत केळीची लागवड साधारणपणे पाच बाय पाच फुटांवर केली जाते. बाग निसवणीला आली, म्हणजे घड बाहेर पडू लागले, की पाने एकमेकांत गुंततात, आणि मग भरदुपारीही दोन ओळींपलीकडचा माणूस नीट दिसत नाही. खुनाच्या खटल्यातील प्रत्यक्षदर्शी साक्षीवर बोलण्यासाठी आम्ही कॅमेरा आधी या बागेत आणला, कारण शिक्षेविरुद्धच्या अपिलात साक्षीदार खरा की खोटा यापेक्षाही, तो उभा होता त्या जागेवरून त्याला काय दिसू शकत होते, हा प्रश्न अनेकदा अगोदर येतो.

आपण एक खटला कल्पू या. तो कोणत्याही एका गावचा नाही. दिवेलागणीनंतर बागेच्या बांधावर एका शेतकऱ्यावर कुऱ्हाडीने वार होतात, थोड्या अंतरावर असलेला त्याचा शालक ते पाहतो आणि गावातल्याच एका माणसाचे नाव घेतो. दुसरा प्रत्यक्षदर्शी नाही. सत्र न्यायालय या एका साक्षीवर जन्मठेपेची शिक्षा सुनावते. कायद्याला त्यात वावगे काही नाही, कारण एखादी गोष्ट सिद्ध करण्यासाठी किती साक्षीदार हवेत याची कोणतीही संख्या पुराव्याच्या कायद्याने ठरवलेली नाही. १९५७ साली वडिवेलू थेवर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदारांचे तीन वर्ग सांगितले: पूर्णपणे विश्वासार्ह, पूर्णपणे अविश्वासार्ह आणि या दोहोंमधले. एकट्या साक्षीदाराची खरी अडचण या तिसऱ्या वर्गात होते, कारण तेथे त्याच्या शब्दाला बाहेरून आधार लागतो.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील सत्र न्यायालयांच्या निकालांवरील अपिले उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठाकडे जातात. मुदत साठ दिवसांची असते. वकील देण्याची ऐपत नसेल तर कैदी तुरुंगातूनच अपील पाठवू शकतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३७४ आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४१५ हा अधिकार देतात, आणि त्या अपिलात उच्च न्यायालयाला केवळ कायद्याचे मुद्दे नव्हे, तर सगळा पुरावा नव्याने तपासावा लागतो. मात्र हा पुरावा तेथे माणसाच्या रूपाने पोहोचत नाही. खटल्याचे दप्तर जळगावहून अजिंठ्याच्या घाटाने किंवा धुळ्याहून कन्नडच्या घाटाने वर चढते; साक्षीदार खालीच राहतो.

या दप्तरातल्या एका शब्दाकडे पाहण्यासारखे आहे. आपला शालक अहिराणी बोलणारा आहे. अहिराणीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो, म्हणून पिंजऱ्यात उभा राहून तो म्हणतो, ‘मी त्याले वयखस.’ न्यायालयाची भाषा मराठी असल्याने नोंद होते, ‘मी आरोपीला ओळखतो.’ उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते, त्यामुळे या वाक्याचे तेथे पुन्हा भाषांतर होते. ‘ओळखतो’ या शब्दात दोन अर्थ एकत्र नांदतात: हा माणूस आमच्या गावचा, माझ्या परिचयाचा आहे, हा एक; आणि त्या अंधारात वार करणारा हाच, असे मी चेहरा पाहून ठरवले, हा दुसरा. इंग्रजीत त्यांना दोन निराळी क्रियापदे लागतात आणि भाषांतरकाराला त्यांतले एक निवडावेच लागते. नोंदवलेली साक्ष साक्षीदाराला वाचून दाखवण्याची तरतूद कायद्यात आहे, परंतु ती या पुढच्या भाषांतरासाठी नाही. माझ्या मते खानदेशातल्या अपिलांत चांगल्या वकिलाने मूळ मराठी साक्ष मागवून वाचण्याची जागा हीच आहे.

त्यानंतर प्रश्न येतो वेळेचा. शालकाने नाव कधी घेतले? फिर्यादीत ते आहे का, की दोन दिवसांनी नोंदवलेल्या जबाबात प्रथम दिसते? महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यक्षदर्शींचे जबाब नोंदवण्यात झालेल्या, वरवर किरकोळ भासणाऱ्या विलंबाला इतर परिस्थितीसह मोठे महत्त्व दिले होते. साक्षीदार मृताचा नातेवाईक आहे एवढ्यावरून मात्र त्याला झटकता येत नाही. खऱ्या मारेकऱ्याला सोडून भलत्यालाच गुंतवणारा नातेवाईक विरळा, असा विचार न्यायालये १९५३ च्या दलीपसिंग खटल्यापासून मांडत आली आहेत. मला तो पटतो, पण तो खोटेपणापुरता लागू पडतो. मेहुण्याला डोळ्यांदेखत पडताना पाहिलेला माणूस पूर्ण प्रामाणिकपणे चुकू शकतो, आणि जुने वैर असलेल्या घराचे नाव त्याच्या तोंडी सर्वांत आधी येऊ शकते.

विसंगतीचा मुद्दाही वाटतो तितका सोपा नाही. बांधावर विजेचा दिवा चालू होता असे साक्षीदार पिंजऱ्यात सांगतो, पण पोलिसांपुढच्या जबाबात दिव्याचा उल्लेख नाही आणि स्थळ पंचनाम्यात खांबही नाही. हे उच्च न्यायालयात उपयोगी पडायचे असेल, तर उलटतपासणीत ही उणीव साक्षीदाराच्या नजरेस आणून दिलेली असली पाहिजे आणि पुढे तपास अधिकाऱ्याच्या साक्षीतून ती सिद्ध करून घेतलेली असली पाहिजे. खालच्या न्यायालयात वकिलाने हा दुसरा प्रश्न विचारायचा राहून गेला, तर कागद समोर असूनही अपिलात त्याचा आधार घेणे फार अवघड होते.

या तपासणीला किती काळ लागू शकतो, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. २००३ मध्ये एका कुटुंबातील पाच जणांची हत्या झाली आणि सहा जणांना शिक्षा झाली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सर्वांना निर्दोष सोडून प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. हल्ल्यातून वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी महिलेने घटनेनंतर लगेच पोलिसांकडील छायाचित्रांतून चार वेगळ्याच व्यक्ती दाखवल्या होत्या, आणि त्या दिशेने तपास झाला नव्हता. ती नोंद पहिल्यापासून दप्तरात होती.

आपल्या कल्पित खटल्याचा निकाल आम्ही सांगणार नाही. तो काहीही लागो, त्याची प्रत घाट उतरून सत्र न्यायालयात येईल आणि मूळ दप्तराला जोडली जाईल. त्या दप्तरात शालकाची मराठी साक्ष आहे आणि तिच्याखाली त्याची सही आहे. अपिलाची तारीख त्याला कोणी कळवली नव्हती, आणि सुनावणी चालू होती त्या दिवशी तो कदाचित याच बागेत पाणी भरत होता.