गाणं सगळ्यांकडे होतं

(दृश्य : विद्यापीठाच्या ग्रंथालयातली मागची खोली. लोखंडी मांडण्या, त्यांवर कॅसेटचे खोके.)

हळदीला वाजलेली, टॅक्सीत वाजलेली, गणपतीच्या मंडपात भोंग्यावरून वाजलेली गाणी मी सांभाळते. मुंबईतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात माझं हेच काम आहे. जुन्या गवयांच्या मैफिली जपाव्यात, हे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. कोळीगीतांची कॅसेट दाखवली की मात्र लोक विचारतात, "हे तर सगळीकडे मिळायचं. ते कशाला ठेवायचं?"

सगळीकडे मिळायचं म्हणून कुणीच ठेवलं नाही. घरातला टेप बिघडला आणि खोकं माळ्यावर गेलं. मग घर पुनर्विकासात गेलं आणि माळाही राहिला नाही.

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या बोलिंग ग्रीन विद्यापीठाने 1967 मध्येच लोकप्रिय संगीताचा संग्रह सुरू केला. आपल्याकडे मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे संचालक राहिलेले अशोक दा. रानडे यांनी संगीताचे प्रकार मांडताना कलासंगीत आणि लोकसंगीत यांच्या शेजारी जनसंगीताला, म्हणजे लोकप्रिय संगीताला, स्वतःची जागा दिली. पण तबकड्या प्रत्यक्ष जमवल्या त्या हौशी माणसांनी, चोरबाजारात उकिडवं बसून, पदरचे पैसे घालून. त्यांची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था 1990 मध्ये मुंबईतच उभी राहिली. त्यांनी केलेल्या याद्या आजही माझ्या टेबलावर असतात.

(दृश्य : टेबलावर कापडी पिशवी. कॅसेट एकेक करून बाहेर काढल्या जातात.)

नायगावच्या बीडीडी चाळीतून एक काका आले. चाळ सोडायची म्हणून आवराआवर चाललेली.

"ताई, भंगारवाला नको म्हणाला. वडिलांच्या आहेत. तुमच्या काही कामाच्या?"

"आहेत ना काका, बसा. कुठून घेतलेल्या, काही आठवतंय?"

"शिवाजी पार्कातून. दर सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जायचो, तेव्हा वडील एक घ्यायचे. एकच."

हे वाक्य मी आधी लिहून घेते, कॅसेट नंतर बघते. सहा डिसेंबरच्या स्टॉलवर घेतलेली भीमगीतांची कॅसेट आणि तीच कॅसेट कुठून आली ते माहीत नसलेली, यांत अभ्यासकाच्या दृष्टीने फार अंतर आहे. पहिलीमुळे एका माणसाचं वर्षातलं एक ठरलेलं खर्चाचं पान कळतं.

आता कव्हर. आत दुमडलेला कागद, दोन रंगांत छापलेला, घडीवर फाटत आलेला. गायकाचं नाव मोठं, त्याखाली संगीत, ढोलकी, कोरस. पाठीमागे निर्मात्याच्या दुकानाचा पत्ता. ग्रंथालयाच्या नोंदीत पुस्तकाला लेखक असतो. कॅसेटला लेखक कोण? मी कागदावरची सगळी नावं घेते, कोरससकट. ढोलकी वाजवणाऱ्याचं नाव छापील स्वरूपात दुसरीकडे कुठे सापडेल, असं मला वाटत नाही.

कधी कागदावर गीतकार नसतोच. तेव्हा शेवटचं कडवं ऐकायचं. भीमगीतं लिहिणाऱ्या वामनदादा कर्डकांच्या गाण्यात अखेरीला बऱ्याचदा 'वामन' हे नाव येतं. संतांच्या अभंगापासून चालत आलेली ही नाममुद्रा नोंदणीच्या कामात अतिशय उपयोगी पडते. कव्हर हरवलं तरी कवी गाण्यातच सही करून गेलेला असतो. नाव आलं म्हणजे रचना त्यांचीच, असंही लगेच धरता येत नाही. दुसऱ्या पुराव्याशी ताडून बघावं लागतं.

ही गाणी इतकी निघाली कशी, तर कॅसेटमुळे. तबकडी छापायला कारखाना लागायचा. कॅसेटला एक खोली, चार माईक आणि प्रती काढायचं यंत्र पुरलं. 1980 च्या दशकात त्यामुळे गल्लीतला शाहीर, कोळीवाड्यातला गायक, कव्वालीचा मुकाबला करणारी मंडळी बाजारात आली. मोठ्या कंपन्यांच्या यादीत ही नावं क्वचितच दिसतील.

(दृश्य : जवळून, कॅसेटचा सांगाडा. बारीक स्क्रू-ड्रायव्हर.)

चांगल्या कॅसेटला पाच स्क्रू असतात. स्वस्तातल्या कॅसेटची दोन अर्धुकं जोडून वितळवलेली असतात. ती कडेने हलक्या हाताने फोडावी लागतात आणि फीत नव्या सांगाड्यात बसवावी लागते. आत तांब्याच्या पट्टीवर फेल्टचा चिमुकला तुकडा असतो. तो फितीला हेडवर, म्हणजे टेपच्या आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरतो. मुंबईच्या दमट हवेत त्याचा डिंक सुटतो, तुकडा गळून पडतो आणि आवाज पोटात गेल्यासारखा येतो. घरी माणसांना वाटतं, कॅसेट मेली. ती मेलेली नसते. तो तुकडा बदलला की ढोलकीची थाप परत येते.

मग हेडशेजारचा एक स्क्रू. मूळ ध्वनिमुद्रण ज्या यंत्रावर झालं त्याचं हेड केसभर तिरपं असेल, तर माझ्या यंत्राचं हेडही तितकंच तिरपं करावं लागतं. तो फिरवत कान लावून बसायचं. झांजेचा आवाज धारदार झाला की थांबायचं. मापन करणारी यंत्रं आहेत, तरी शेवटचा निर्णय मी कानावरच सोडते.

यात घाई चालत नाही. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटं लागतात. 24 बिट, 96 किलोहर्ट्झ, न दाबलेली वेव्ह फाइल, म्हणजे आवाजातलं काही न गाळता केलेली संगणकावरची प्रत. गाण्याच्या आधीची खरखर आणि मधलं खाकरणं मी काढत नाही. साफ केलेली प्रत ऐकायला वेगळी करता येते, मूळ प्रतीला हात लावायचा नाही.

मिनिटाला 78 फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकड्यांची तऱ्हा निराळी. त्या लाखेच्या. लाख स्पिरिटमध्ये विरघळते; सुतार लाकडाला पॉलिश करतात ते त्याच जोरावर. म्हणून या तबकडीला स्पिरिटचा बोळा कधीही लावू नये. शुद्ध पाणी, थेंबभर सौम्य साबण, मऊ ब्रश आणि नावं छापलेल्या मधल्या कागदाला पाणी लागू न देणं, एवढंच. त्या कागदावर भरवसा मात्र बेताने ठेवायचा. 1949 च्या 'महल' चित्रपटातलं गाजलेलं गाणं लता मंगेशकरांनी गायलं, पण तबकडीवर नाव छापलं ते पडद्यावरच्या कामिनी या पात्राचं. अशा वेळी नोंदीत दोन्ही नावं जातात, जे छापलंय ते आणि जे खरं आहे ते.

(दृश्य : हेडफोन लावून बसलेले विद्यार्थी.)

"हे सगळं इंटरनेटवर का टाकत नाही?" हा विद्यार्थ्यांचा ठरलेला प्रश्न. कायद्याने ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं टिकतो. 1964 चं मुद्रण 2025 च्या 1 जानेवारीला मोकळं झालं; 1985 ची कॅसेट 2046 मध्ये होईल. शब्द आणि चाल यांचा हक्क कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. ज्यांना हयातीत मानधन धड मिळालं नाही, त्यांच्या वारसांचा हा हक्क आहे आणि तो पाळलाच पाहिजे. तोपर्यंत इथे या, नोंदवहीत नाव लिहा, हेडफोन लावा आणि हवं तितकं ऐका.

तुमच्या घरी अशा कॅसेट असतील तर जुन्या टेपवर लावून बघू नका; बुरशी आली असेल तर फीत तुटेल. ऊन दाखवू नका. कव्हर आणि कॅसेट वेगळी करू नका. कुणी, कधी, कुठून घेतली ते एका कागदावर लिहा, आणि घरात जे मोठं माणूस सांगू शकेल त्याला आजच विचारा.