सेटिंग कुठे ठेवायची? आधी ती कोण बदलणार ते बघा

नमस्कार! डेटाबेसचा पासवर्ड, मेल सर्व्हरचा पत्ता, एका पानावर किती नोंदी दाखवायच्या तो आकडा... वेब ॲप लिहिताना हे सगळं आपण एकाच कॉन्फिग फाइलमध्ये टाकून मोकळे होतो. माझं म्हणणं असं, की जागा ठरवायच्या आधी प्रत्येक सेटिंगबद्दल दोनच गोष्टी विचारा. ही कोण बदलणार? आणि ही बाहेर फुटली तर काय होईल?

नोंदींचा आकडा सगळीकडे सारखाच असेल, तर तो कोडसोबत राहू द्या. गिटमध्ये, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या टूलमध्ये, त्याचा इतिहासही मिळतो.

मेल सर्व्हरचा पत्ता मात्र लॅपटॉपवर एक, प्रॉडक्शनला, म्हणजे लोक ॲप वापरतात त्या सर्व्हरवर, दुसरा. अशा सेटिंगसाठी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वापरा, म्हणजे कोडबाहेर, ॲप चालतं तिथे ठेवलेली व्हॅल्यू. पण इथे जरा थांबा, कारण यात भलेभले फसतात. या व्हेरिएबलची व्हॅल्यू नेहमी स्ट्रिंग असते. समजा, तुम्ही डीबगसमोर (चुका शोधायला जास्तीचे तपशील दाखवणारी सेटिंग) 'फॉल्स' लिहिलंत आणि पायथनमध्ये ती व्हॅल्यू थेट 'बूल'ला, म्हणजे ट्रू की फॉल्स ते सांगणाऱ्या फंक्शनला, दिलीत. उत्तर येतं ट्रू! रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग पायथन ट्रूच धरतं. तुम्हाला वाटतंय डीबग बंद आहे, आणि तिकडे एरर आली की कोडचे तपशील सगळ्यांसमोर उघडे. म्हणून ॲप सुरू होतानाच प्रत्येक व्हॅल्यू तपासा, योग्य टाइपमध्ये बदला. एखादी गरजेची सेटिंग नसेल, तर ॲप सुरूच होऊ देऊ नका.

आता पासवर्ड आणि एपीआय की (दुसऱ्या सेवेला आपल्या ॲपची ओळख पटवणारा गुप्त कोड). एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लिहून ठेवायची डॉट ईएनव्ही फाइल गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत, हवीच हवी. चुकून कमिट (गिटमध्ये नोंद) होऊन पुश झालीच, म्हणजे सर्व्हरवर गेलीच, तर पुढच्या कमिटमध्ये डिलीट करून भागत नाही. जुन्या कमिटमध्ये ती तशीच असते. ती की आधी रद्द करा, नवी घ्या, मग बाकीचं निस्तरा. कुबरनेटीसवाल्यांनो (म्हणजे ॲपचे कंटेनर सांभाळणारी ती सिस्टीम वापरणाऱ्यांनो), तिथल्या सीक्रेटमधला तो अगम्य मजकूर म्हणजे नुसतं बेस64 एन्कोडिंग आहे, एन्क्रिप्शन नाही. एका कमांडमध्ये उलगडतो. टीम मोठी असेल तर व्हॉल्टसारखा सीक्रेट मॅनेजर, म्हणजे पासवर्ड आणि की सांभाळणारं सॉफ्टवेअर, घ्या. ऑडिट लॉग चालू ठेवलात, की कोणती की कोणी वाचली हेही त्यात कळतं.

उरल्या ॲडमिनने स्वतः बदलायच्या सेटिंग. त्या डेटाबेसच्या टेबलमध्ये ठेवा, म्हणजे प्रत्येक बदलाला डिप्लॉय (ॲप सर्व्हरवर नव्याने चढवणं) लागत नाही. फक्त दर रिक्वेस्टला क्वेरी मारू नका. कॅश करा, म्हणजे व्हॅल्यूची तात्पुरती प्रत हाताशी ठेवा, आणि सेटिंग सेव्ह झाली की त्याच क्षणी कॅश पुसा. ॲपचे सर्व्हर एकापेक्षा जास्त असतील तर कॅश प्रत्येकावरची पुसली जायला हवी, नाहीतर एकच पान रिफ्रेश केल्यावर कधी जुनी व्हॅल्यू दिसेल, कधी नवी.