वारेतील पेशींचे मरण आणि आईची प्रतिकारसंस्था

श्रोतेहो, नमस्कार.

बाळ जन्मले की सगळ्यांचे डोळे बाळाकडे लागतात आणि मागाहून पडलेली वार, ती पूर्ण आली ना एवढे पाहून, बाजूला ठेवली जाते. अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचा हा अवयव गर्भारपणात बाळासाठी फुप्फुस, आतडे आणि मूत्रपिंड अशी तिन्ही कामे करीत असतो आणि या सबंध काळात त्याच्या पेशी मरत असतात, नव्या तयार होत असतात. पेशींचे हे मरण केव्हा आणि कशा रीतीने यावे यावर आईच्या प्रतिकारसंस्थेच्या संदेशांचा मोठा प्रभाव असतो. आज मला त्याविषयी बोलायचे आहे.

बाळाची अर्धी जनुके वडिलांकडून येतात. परक्याचे मूत्रपिंड बसवले तर शरीर ते नाकारते. मग बाळाला ते नऊ महिने कसे सांभाळते, हा प्रश्न ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी १९५३ साली मांडला. गर्भारपणात आईची प्रतिकारशक्ती झोपी जात असावी, अशी समजूत पुढे बराच काळ होती. प्रत्यक्षात पहिल्या तीन महिन्यांत गर्भाशयाच्या अस्तरातील पांढऱ्या पेशींपैकी सुमारे ७० टक्के ‘नैसर्गिक मारक पेशी’ असतात. नाव भीतिदायक असले, तरी येथे त्या मारण्यापेक्षा घडवण्याचेच काम अधिक करतात: वाढीला पोषक द्रव्ये सोडतात आणि गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या रुंद व्हायला मदत करतात. वारेच्या ज्या पेशी आईच्या अस्तरात शिरतात, त्यांच्या पृष्ठभागावर ‘एचएलए-जी’ नावाचे प्रथिन असते आणि ते या मारक पेशींना आवर घालते.

वारेच्या अंकुरांवर, म्हणजे तिच्या बोटांसारख्या बारीक फांद्यांवर, एक अखंड आवरण असते. असंख्य पेशी एकमेकींत मिसळून ते बनते आणि त्यात पेशींच्या भिंतीच उरत नाहीत. दिवस भरताना त्याचे क्षेत्रफळ दहा चौरस मीटरच्या वर जाते आणि आईचे रक्त थेट त्याला भिजवत वाहते. आवरणाचा जुना झालेला भाग गाठींच्या रूपाने सुटून आईच्या रक्तात पडतो आणि खालच्या थरातील ताज्या पेशी त्यात मिसळून भर घालतात. अशा शिस्तबद्ध मरणाला १९७२ साली केर, वायली आणि करी या तीन शास्त्रज्ञांनी ‘अपॉप्टोसिस’ हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पाने गळणे असा आहे. पिकल्या पानाचा देठ आपसूक सुटावा, तसेच हे मरण. यात पेशी आपला ऐवज लहान पुड्यांत बांधते, भक्षक पेशी त्या पुड्या गिळतात आणि गिळताना ‘इंटरल्यूकिन-१०’सारखे शांतवणारे संदेश सोडतात. पेशी फुटून आतले द्रव्य बाहेर सांडले, तर मात्र त्याच भक्षक पेशी ते इजेचे लक्षण समजतात आणि दाह भडकवतात.

दाहाच्या संदेशांत ‘ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर अल्फा’ आणि ‘इंटरफेरॉन गॅमा’ ही दोन द्रव्ये महत्त्वाची आहेत. १९९० नंतरच्या दशकात प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी वारेच्या पेशींना ही द्रव्ये एकत्र दिली, तेव्हा त्या अपॉप्टोसिसने मेल्या. सोबत ‘एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर’ हे वाढीला चालना देणारे द्रव्य दिल्यावर त्यातल्या पुष्कळ वाचल्या. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण एकच एक संदेश पेशीचे भवितव्य ठरवीत नाही, मारणाऱ्या आणि जगवणाऱ्या संदेशांचा हिशेब ते ठरवतो, हे त्यातून दिसते. फाल्सिपेरम या प्रकारच्या मलेरियात हा हिशेब बिघडतो: जंतू असलेल्या तांबड्या पेशी वारेत चिकटून बसतात, भक्षक पेशी तेथे जमतात, दाह वाढतो आणि बाळाचे वजन कमी भरते. गडचिरोलीसारख्या भागात गरोदर बाईचा ताप अंगावर काढू नये, तो यासाठी.

प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर जाणे आणि सोबत लघवीत प्रथिने किंवा इतर अवयवांवर ताणाची लक्षणे दिसणे, या विकाराचे मूळ बऱ्याचदा पहिल्या महिन्यांतच असते. रक्तवाहिन्या पुरेशा रुंद होत नाहीत, वारेला रक्त नीट मिळत नाही, आवरणाचे तुकडे अधिक सुटतात, दाह वाढतो आणि त्या दाहाने आणखी पेशी मरतात. हा विकार बळावून झटके येऊन दगावलेल्या स्त्रियांच्या फुप्फुसांत जर्मन विकृतितज्ज्ञ श्मोर्ल यांना वारेच्या पेशी आढळल्या, ते साल होते १८९३. तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे किंवा छातीखाली पोटात दुखणे यांपैकी काहीही झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

‘तुझ्याच शरीराने बाळ नाकारले’ असे गर्भ गमावलेल्या बाईला ऐकवले जाते, तेव्हा मला फार वाईट वाटते. प्रतिकारसंस्था आणि वार यांच्यातील हा व्यवहार कोणाच्या इच्छेने चालत नाही आणि बिघडला तर तो तिचा दोष नव्हे.

वारेतील पेशींच्या मरणातून वैद्यकाला एक साधनही मिळाले आहे. १९९७ साली शास्त्रज्ञ डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आईच्या रक्तात गर्भाच्या डीएनएचे तुकडे सापडले. हे तुकडे मुख्यतः वारेच्या मरणाऱ्या पेशींतून येतात आणि प्रसूतीनंतर लवकरच नाहीसे होतात. गुणसूत्रांच्या दोषांसाठी दहाव्या आठवड्यानंतर आईच्या रक्ताची जी चाचणी करतात, ती यावरच उभी आहे. तिच्यात आपण वाचतो ती वार, बाळ नव्हे, आणि दोघांची गुणसूत्रे क्वचित वेगळी निघतात. म्हणून अहवालात दोष दिसला, तर गर्भजल तपासून खात्री केल्याशिवाय कोणताही निर्णय घेऊ नये.