तुमची सायकल कोणती?

श्रोतेहो, नमस्कार.

सायकल चालवणारी दोन माणसं पहिल्यांदा भेटली की नावगाव नंतर विचारलं जातं. आधी नजर जाते ती समोरच्याच्या सायकलीवर. "कोणती आहे?" हा पहिला प्रश्न, आणि उत्तरात बहुतेक वेळा कंपनी, मॉडेल आणि वजन. फोटो दाखवायचीही एक रीत ठरून गेली आहे : चेनची बाजू बघणाऱ्याकडे, पुढचं चाक उजवीकडे, क्रँक म्हणजे पेडलची दांडी आडवी, दोन्ही टायरांचे व्हॉल्व्ह खाली. मला ही रीत मनापासून आवडते. क्रँक, चेन, गिअर एका नजरेत दिसतात आणि मालकाने सायकलीला किती जीव लावलाय तेही कळतं. पण ती सायकल कशी चालवली जाते, तिच्यात काय बदललं, का बदललं, काय लवकर झिजलं, हे त्या फोटोत येत नाही आणि कंपनीच्या नावातही येत नाही. ऐकणाऱ्याच्या उपयोगाचं मात्र तेच असतं. म्हणून आज त्याबद्दल बोलू या.

वजनाची चर्चा सगळ्यात जास्त रंगते, तेव्हा तिथून सुरुवात करतो. शर्यतीच्या सायकलीचं वजन ६.८ किलोपेक्षा कमी असू नये, असा आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेचा नियम २००० सालापासून लागू आहे. म्हणजे जगज्जेत्यालाही त्याखाली जाता येत नाही. आता आपला हिशेब करू. माणूस ७० किलोचा, सायकल ९ किलोची, मिळून ७९. त्यातला एक किलो कमी केला तर जेमतेम सव्वा टक्का वाचतो. तासभर चालणाऱ्या खड्या चढावर ही बचत पाऊण मिनिटाची. शर्यतीत पाऊण मिनिट फार मोठं असतं, ते मी नाकारत नाही. पण सपाटीवर ताशी तीस किलोमीटरच्या वेगाने जाताना आपली बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. तिथे त्या एका किलोचा पत्ताही लागत नाही. पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या भरून लावल्या तरी दीड किलो वजन वाढतं.

दुसरा जुना वाद फ्रेमचा. पोलाद, अल्युमिनियम, टायटॅनियम, कार्बन. "अल्युमिनियम कडक असतं, अंग दुखतं," हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. खरं तर अल्युमिनियमचा ताठपणा पोलादाच्या साधारण एक तृतीयांशच आहे, आणि तेवढ्याच प्रमाणात ते हलकंही आहे. ताठपणाची ही उणीव भरून काढायला नळ्या जाड व्यासाच्या करतात, कारण व्यास वाढला की नळी झपाट्याने ताठ होत जाते. म्हणजे कडकपणा येतो तो नळीच्या आकारातून. त्यातही माझं स्पष्ट मत असं की, अंगाला जे हादरे बसतात त्याचा जाब फ्रेमला विचारण्याआधी टायरला विचारावा. एकेकाळी शर्यतीच्या सायकलींना २३ मिलिमीटर रुंदीचे टायर सर्रास असत आणि ते दगडासारखे टणक होईपर्यंत हवा भरली जाई. आता शर्यतीतही २८ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर दिसतात आणि हवा कमी ठेवली जाते. खडबडीत रस्त्यावर टणक टायर उड्या मारतो आणि त्या उड्यांत आपलीच ताकद वाया जाते. रुंद टायर खड्डा पोटात घेतो. तेव्हा कुणी फ्रेमचं कौतुक किंवा तक्रार करत असेल तर त्याला टायरची रुंदी आणि हवेचा दाब जरूर विचारा.

टायरचं बोलतोच आहोत, तर एक आकडा सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे : ६२२. टायरच्या कडेवर बारीक अक्षरांत "२८-६२२" असं काहीतरी छापलेलं असतं. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा टायर रिमवर जिथे बसतो तिथल्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. रोड सायकलीचं "७०० सी" चाक आणि डोंगरी सायकलीचं "२९ इंची" चाक, दोन्ही ६२२च. उलट नुसतं "२६ इंच" म्हटलं तर ते डोंगरी सायकलीचं ५५९ असेल किंवा जुन्या धाटणीच्या सायकलीचं ५९० असेल, आणि एकाचा टायर दुसऱ्यावर चढत नाही. इंचांच्या या गोंधळात किती जणांचे टायर परत करण्यात हेलपाटे झाले असतील! आपली सायकल सांगताना हा तीन आकडी नंबर सांगितला तर समोरचा नेमकी मदत करू शकतो.

गिअरचंही तसंच. "माझ्या सायकलीला बावीस गिअर आहेत" यातून फारसं काही कळत नाही. दात सांगावेत. माझीच सायकल सांगतो. पोलादी फ्रेम, ६२२ ची चाकं, ३२ मिलिमीटरचे टायर, पुढच्या दोन चकत्या ४६ आणि ३० दातांच्या, मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच, ११ ते ३४ दातांची. चाकाचा घेर साधारण २.१५ मीटर. पुढे ३० आणि मागे ३४ लावून पेडलचा एक पूर्ण फेरा मारला की सायकल १.९ मीटर सरकते. पुढे ४६ आणि मागे ११ वर तोच फेरा ९ मीटर नेतो. मी सामान बांधून चढ चढतो, म्हणून मला खालचा टप्पा महत्त्वाचा आणि वरच्या ९ मीटरवर मी समाधानी आहे. सपाटीवर घोळक्याने वेगात जाणाऱ्याला माझे गिअर अपुरे पडतील. एवढं सांगितलं की ऐकणारा स्वतःच ठरवू शकतो, हे आपल्या कामाचं आहे की नाही.

सीटच्या बाबतीत मात्र दुसऱ्याचा अनुभव जपून घ्यावा. आपण बसतो ते ढुंगणाच्या दोन हाडांवर, आणि त्या हाडांमधलं अंतर प्रत्येकाचं वेगळं असतं. एकाला दिवसभर सुख देणारी सीट दुसऱ्याला अर्ध्या तासात नकोशी होते. जाड, मऊ गादीची सीट बघून लोक भुलतात. पण लांबच्या पल्ल्यावर हाडं त्या गादीत रुततात आणि मधल्या नाजूक भागावर दाब येतो. सीटच्या उंचीसाठी शर्यतपटू ग्रेग लेमाँड यांच्यामुळे माहीत झालेलं एक सूत्र आहे : जांघेपासून तळपायापर्यंतच्या उंचीला ०.८८३ ने गुणायचं, आणि क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत तेवढं अंतर ठेवायचं. पायाची उंची ८० सेंटिमीटर असेल तर साधारण ७०.६. सुरुवातीला हे चांगलं, पण पुढे गुडघे काय सांगतात ते ऐकायचं.

सायकल आणि तिच्यावर बसणारा माणूस यांचा मेळ किती खोल असू शकतो, हे मला स्कॉटलंडच्या ग्रॅहम ओब्री यांच्या गोष्टीत दिसतं. एका तासात सर्वाधिक अंतर कापण्याचा विक्रम मोडायला त्यांनी स्वतःच्या हाताने सायकल बनवली. दोन्ही गुडघे जवळजवळ यावेत म्हणून मधला भाग अरुंद हवा होता, आणि त्यासाठी वापरलेले बेअरिंग कपडे धुण्याच्या यंत्रातले होते. हात छातीखाली दुमडून बसायची पद्धतही त्यांचीच. जुलै १९९३ मध्ये नॉर्वेतल्या हामारला पहिला प्रयत्न त्यांनी या सायकलीच्या, दुसऱ्याने तयार केलेल्या प्रतिकृतीवर केला. तो फसला. दुसऱ्याच दिवशी ते स्वतःच्या जुन्या सायकलीवर बसले आणि तासात ५१.५९६ किलोमीटर जाऊन फ्रान्चेस्को मोझर यांचा १९८४ चा विक्रम मोडला. एका रात्रीत थकलेलं शरीर पुन्हा उभं करणं हा पराक्रम ओब्रींचाच. पण त्यासाठी त्यांनी हात घातला तो स्वतः घडवलेल्या, अंगात मुरलेल्या सायकलीला.

आता ज्यांच्यासाठी मला हे बोलावंसं वाटलं, त्यांच्याकडे वळतो. सायकलींच्या गप्पा रंगल्या की साध्या, बिनगिअरच्या सायकलीवर रोज कामाला जाणारा माणूस गप्प बसतो. त्याला वाटतं, आपल्याकडे सांगण्यासारखं काय आहे? माझ्या मते सगळ्यात जास्त त्याच्याचकडे आहे. १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली यांनी जवळजवळ सारख्या आकाराची दोन चाकं आणि मागच्या चाकाला चेन अशी रोव्हर सायकल आणली. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलप यांच्या हवेच्या टायरची भर पडली. आजची साधी सायकल त्याच आराखड्यावर चालते. स्टीलच्या रिमवर पावसात ब्रेक उशिरा लागतो, तेव्हा किती अंतर आधी दाबायचा. चेनवर पूर्ण झाकण असेल तर ती किती जास्त टिकते. मागे ओझं असेल तर कोणत्या बाजूच्या तारा आधी सैल होतात आणि चाकाचा आऊट, म्हणजे डगमग, कधी काढावा लागतो, हे त्याला हातांनी ठाऊक असतं. महागड्या सायकलीचा मालक ती दर दोन वर्षांनी बदलत असेल तर त्याला हे कधी कळणारच नाही. म्हणून माझी विनंती आहे, अशा माणसाला आवर्जून विचारा, आणि तो बोलायला लागला की मध्ये तोडू नका.

वापरलेली सायकल देता-घेताना तर हे बोलणं फारच गरजेचं. अल्युमिनियमची फ्रेम असेल तर जोडांपाशी बारीक भेगा आहेत का ते उजेडात बघा. चेन साध्या पट्टीने मोजा. नव्या चेनच्या २४ कड्या पिनेपासून पिनेपर्यंत बरोबर १२ इंच भरतात. पिन एक षोडशांश इंच, म्हणजे दीडेक मिलिमीटर, पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. एक अष्टमांश इंच गेली असेल तर बहुधा कॅसेटचे दातही खाल्ले गेलेत, तोही खर्च धरा. मग सायकल उलटी करा. क्रँक जिथे फिरते त्या नळकांड्याच्या पोटावर बहुतेक सायकलींचा नंबर कोरलेला असतो. त्यावरची धूळ पुसून तो एका वहीत उतरवून घ्या, त्याखाली टायरचा नंबर, गिअरचे दात, सीटची उंची आणि चेन बदलल्याची तारीख लिहा. सायकल कधी दुसऱ्याला दिलीत तर वहीसकट द्या.

नमस्कार.