धुराच्या खोलीत ग्लास उचलायला कोण जातं?

मंडळी, पबमध्ये आणि क्लबमध्ये सिगारेट ओढू द्यावी की नाही, यावर वाद निघाला की आपल्याकडे दोनच पक्ष बोलतात. एक म्हणतो, माझे पैसे, माझी छाती, तुम्हाला काय करायचंय? दुसरा म्हणतो, मी जेवायला आलोय, मला तुझा धूर नको. दोघंही गिऱ्हाईकच. दोघंही बिल भरून तास-दोन तासांत घरी जाणारे. जो संध्याकाळी आत शिरतो आणि मध्यरात्रीनंतर मागच्या दाराने बाहेर पडतो, तो या वादात कुठेच नसतो. तो वेटर, तो बारटेंडर, तो टेबलं पुसणारा पोरगा. मी हॉटेल कामगारांमध्ये काम करतो, म्हणून मला त्याच्याबद्दल बोलायचंय. आणि हे परळमध्ये बोलायला मिळतंय याचं मला महत्त्व वाटतं.

कारण छातीचा आजार या भागाला नवा नाही. इथल्या कापडगिरणीत कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस विंचरायच्या विभागात, कापसाची बारीक धूळ दिवसभर हवेत तरंगायची. रविवारची सुट्टी घेऊन माणूस सोमवारी पाळीवर आला की छाती आवळून यायची, धाप लागायची. आठवडा सरत आला की जरा बरं वाटायचं. काही वर्षांनी ते बरं वाटणंही बंद व्हायचं. या रोगाचं नाव बिसिनोसिस. कामगार नुकसानभरपाईच्या 1923 च्या कायद्याच्या परिशिष्टात पुढे तो व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदला गेला. म्हणजे कामाच्या जागेवरची हवा कशी आहे याचा जाब मालकाला विचारता येतो, हे कायद्याने मान्य केलं. भरपाई किती जणांच्या पदरात पडली हा वेगळा विषय आहे, आणि तो फार क्लेशदायक आहे.

त्याच गिरणीत खात्यामध्ये विडी ओढायला सक्त मनाई होती. कापूस पेट घेईल म्हणून. म्हणजे कापसाला धुराधगीपासून संरक्षण होतं. आज त्याच गिरण्यांच्या आवारात पब उभे आहेत आणि गिरणीत खपलेल्या माणसांची नातवंडं तिथे ट्रे घेऊन फिरतात. त्यांच्या फुप्फुसांना कापसाइतकं तरी संरक्षण मिळावं, एवढीच माझी मागणी आहे.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले ते आपल्या मुंबईचेच, काँग्रेसचे नेते मुरली देवरा. 2 नोव्हेंबर 2001 रोजी न्यायालयाने रुग्णालयं, शाळा-कॉलेजं, ग्रंथालयं, न्यायालयं, सरकारी कचेऱ्या, रेल्वे अशा ठिकाणी धूम्रपान बंद करायला सांगितलं. त्या यादीत हॉटेल नव्हतं, बार नव्हता. 2003 चा केंद्राचा तंबाखू नियंत्रण कायदा आला आणि 2 ऑक्टोबर 2008 पासून नवे नियम लागू झाले. अन्बुमणी रामदास तेव्हा आरोग्यमंत्री होते. या नियमांत पब, बार, डिस्कोथेक यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. तेव्हा ‘पबमध्ये बंदी आणावी का’ असा प्रश्न आज जो विचारतो, त्याला सांगायला हवं की बंदी आहेच. पण तिला एक फट ठेवली आहे. तीस किंवा जास्त खोल्यांचं हॉटेल, तीस किंवा जास्त माणसं बसतील असं रेस्टॉरंट आणि विमानतळ, यांना धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवता येते. मुंबईतल्या कुठल्या पबमध्ये तीसपेक्षा कमी माणसं बसतात?

कागदावर ती खोली मोठी कडेकोट आहे. चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती, आपोआप बंद होणारं दार, आतली हवा थेट बाहेर फेकणारी यंत्रणा, आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी, म्हणजे दार उघडलं तरी धूर बाहेर यायला नको. प्रत्यक्षात शनिवारी रात्री जाऊन बघा. काचेचं दार मिटतच नाही, कारण मिनिटाला दोन माणसं आत-बाहेर करतात. कुणीतरी दारात पाय अडकवून बाहेरच्या मित्राशी बोलत उभा असतो. गाणं बाहेर, सिगारेट आत, आणि धूर दोन्हीकडे.

2017 मध्ये नियमात दुरुस्ती झाली की या खोलीत कुठलीही सेवा देता येणार नाही. चांगली दुरुस्ती. पण गिऱ्हाईक हातातला ग्लास घेऊन आत जातं आणि तिथेच ठेवून येतं. ॲशट्रे भरतो. ते सगळं उचलायला कोण जातं? या मुलांना ॲशट्रे कसा उचलायचा ते शिकवलेलं असतं. स्वच्छ ॲशट्रे भरलेल्यावर पालथा घालायचा, दोन्ही एकदम उचलायचे, राख उडू द्यायची नाही, मग स्वच्छ तेवढा परत टेबलावर ठेवायचा. गिऱ्हाइकाच्या कपड्यांवर राखेचा कण पडू नये म्हणून इतकी काळजी. आणि हे करणारा पोरगा जी हवा छातीत घेतो तिच्याबद्दल त्याच्या नेमणूकपत्रात एक ओळ नसते. मुळात नेमणूकपत्रच अनेकांकडे नसतं.

दुसऱ्याच्या धुराने काय होतं, यात आता शंकेला जागा उरलेली नाही. 1981 मध्ये जपानच्या हिरायामा या संशोधकांनी दाखवून दिलं की स्वतः कधी सिगारेट न ओढलेल्या, पण नवरा भरपूर ओढतो अशा बायकांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर जास्त आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने हा धूर माणसाला कॅन्सर करणारा म्हणून जाहीर केला आहे. अमेरिकेच्या सर्जन जनरलने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यप्रमुखाने, 2006 च्या अहवालात स्पष्ट लिहिलं की या धुराचं सुरक्षित असं प्रमाण नाही आणि पंखे, गाळण्या, वेगळ्या खोल्या यांनी धोका संपत नाही. म्हणून मी म्हणतो, ती काचेची खोली सुधारण्याच्या गोष्टी करू नका. ती काढून टाका.

आयर्लंडने हे करून दाखवलं. पब म्हणजे ज्यांचा जीव की प्राण, त्या देशाने 29 मार्च 2004 रोजी सगळ्या पबांत धूम्रपान बंद केलं, जगात पहिल्यांदा, आणि केलं ते कामगारांच्या आरोग्याच्या नावाने. बारमनच्या संघटनेचा पाठिंबा होता. डब्लिनच्या बारमनची फुप्फुसं बंदीच्या आधी आणि नंतर तपासली, तेव्हा स्वतः सिगारेट न ओढणाऱ्यांच्या श्वासात सुधारणा दिसली. इंग्लंडमध्ये सरकारच्या मूळ प्रस्तावात जेवण न देणारे पब आणि सभासदांचे खासगी क्लब वगळले होते. 14 फेब्रुवारी 2006 रोजी खासदारांनी मतदान करून या दोन्ही सवलती उडवून लावल्या. आपल्याकडे जिमखान्या-क्लबांतून ‘ही सभासदांची खासगी जागा आहे’ असं ऐकू येतं. असेल. पण तिथला वेटर सभासद नसतो, तो नोकरीवर आलेला असतो.

धंदा बुडेल, असं मालक म्हणतात. अशा दाव्यांवरच्या जवळपास शंभर अभ्यासांची छाननी 2003 मध्ये प्रसिद्ध झाली. नीट केलेल्या अभ्यासांत नुकसान दिसलं नाही आणि नुकसान दाखवणारे अभ्यास तंबाखू उद्योगाच्या पैशावरचे निघाले. शिवाय 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ 3.8 टक्के आहेत. आपला मोठा रोग चघळायच्या तंबाखूचा आहे, आणि त्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवं. पण एवढ्या थोड्या लोकांसाठी हॉलमधल्या सगळ्यांनी श्वास धरून बसायचं?

कायद्यातल्या त्या फटीतून काय काय आत येतं तेही आपण पाहिलंय. महापालिकेने हुक्क्याला अटकाव करायला परवान्यात अटी घातल्या. डिसेंबर 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या रद्द केल्या. धूम्रपानाच्या जागेला कायद्याची मुभा आहे, मग तिथे हुक्का का नको, असा तो हिशेब होता. तीन वर्षांनी, 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्री, लोअर परळच्या कमला मिलमध्ये गच्चीवरच्या पबना आग लागली आणि 14 माणसं गेली. अग्निशमन दलाच्या अहवालाने हुक्क्याच्या निखाऱ्याकडे बोट दाखवलं. त्यानंतर 2018 मध्ये राज्याने कायदा बदलून हुक्का पार्लरवर बंदी आणली. 2021 च्या सुरुवातीला केंद्राने लोकांसमोर ठेवलेल्या मसुद्यात हॉटेल-रेस्टॉरंटमधल्या धूम्रपानाच्या खोल्याच काढण्याचा आणि दंड 200 रुपयांवरून 2,000 करण्याचा प्रस्ताव होता. दोनशे रुपयांत पबमध्ये धड बिअरसुद्धा येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

एक आक्षेप मात्र मी मान्य करतो. आत बंद केलं की माणसं फुटपाथवर येतात, आणि वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात धूर आणि गोंगाट जातो. वांद्र्यातले रहिवासी याबद्दल तक्रार करतात ती रास्त आहे. त्यासाठी पबवाल्याला दारापासून लांबची जागा नेमून द्यावी लागेल आणि तिथे आपला माणूस उभा करावा लागेल. खर्च त्याने करायचा. पण उघड्या हवेत पाच मिनिटं सिगारेट ओढणारा आणि बंद हॉलमध्ये आठ तास धूर गिळणारा, या दोघांना एका मापाने मोजू नका.

आणि कायदा बदलेपर्यंत एक गोष्ट तुम्ही करू शकता. नियमाप्रमाणे धूम्रपानबंदीच्या फलकावर, तक्रार कुणाकडे करायची त्या माणसाचं नाव लिहिलेलं असायला हवं. वेटर ती तक्रार करणार नाही, त्याची नोकरी जाईल. तुम्ही गिऱ्हाईक आहात, तुम्हाला कुणी काढून टाकणार नाही. पुढच्या वेळी पबमध्ये गेलात की तो फलक शोधा, त्या माणसाला बोलावून घ्या, आणि काचेचं दार उघडं का आहे ते विचारा.